बिनतारी आणि बंद पेटी

अमेरिकेतील भाच्याने काही वर्षांपूर्वी येताना आणलेला एक संगणक आमच्या घरी आहे. त्यातील मूळच्या प्रणालीचा आधार तिच्या निर्मात्यांनी काढून घेतला, तेव्हा यंत्र भंगारात देणे जिवावर आले आणि मी त्यावर लिनक्स ही प्रणाली चढविली. यंत्राला नवी उमेद आली. पडदा उजळला, मराठी अक्षरे नीट उमटली, ध्वनीही आला. आले नाही ते एकच, घरातले बिनतारी जाळे. ज्या यादीत एरवी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दहाबारा वायफायांची नावे दिसावयाची, ती यादी कोरी होती. शेजारच्या खोलीत राउटर आपले हिरवे डोळे मिचकावीत होता, भ्रमणध्वनीला तो बिनतक्रार सापडत होता, आणि संगणक मात्र बहिरा होऊन बसला होता. मुलीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज त्याच रात्री बाराच्या आत भरावयाचा होता, आणि त्यासाठी लागणारे सारे कागद त्याच संगणकात होते.

लिनक्सचा एक गुण असा की, आपण काय केले आणि काय करता आले नाही, ह्याची नोंद तो जुन्या जमान्यातील एखाद्या काटेकोर कारकुनाप्रमाणे ओळीने करून ठेवतो. तो रोजनामचा मी उघडला. शेकडो ओळींत एक ओळ सापडली. तिचा भावार्थ असा, की बिनतारी यंत्रासाठी फर्मवेअरची अमुक फाइल आणावयास गेलो, परिणाम उणे २. ह्या प्रणालीच्या परिभाषेत उणे २ ह्याचा अर्थ ‘अशी फाइल नाही’ एवढाच. आमच्या कचेरीत ‘संचिका आढळून येत नाही’ असा शेरा मारतात, तोच हा शेरा. फाइल मिळवावयाची तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेट हवे तर ती फाइल हवी. हा पेच भ्रमणध्वनी तारेने संगणकाला जोडून, त्याच्या वाटेने इंटरनेट घेऊन सोडविला. साडेअकरा वाजता अर्ज गेला.

पण एक प्रश्न मागे उरला. यंत्र विकत घेतलेले. त्यातील बिनतारीचा भाग यंत्रात शाबूत. मग तो चालण्यासाठी लागणारा मजकूर त्याच्याबरोबर का नसावा? कोणाच्या तरी विसरभोळेपणाने ही फाइल राहिली नव्हती. तिच्या गैरहजेरीमागे चाळीसएक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो यंत्रांपेक्षा माणसांच्या हक्कांचा अधिक आहे.

त्याचा आरंभ आकाशापासून करावयास हवा. माझ्या आजोबांच्या कागदपत्रांत रेडिओच्या परवान्याची एक पुस्तिका सापडली होती. टपाल कार्यालयात जाऊन शुल्क भरावे, तिकिटे चिकटवून घ्यावीत आणि मगच घरात गाणे ऐकावे, असा तेव्हाचा शिरस्ता होता. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला होता. जगभर थोड्याफार फरकाने हीच दृष्टी होती. लहरी मोजक्या, एकाची लहर दुसऱ्याच्या लहरीत मिसळली तर दोघांचेही बोलणे वाया जाते, म्हणून सरकारने प्रत्येकास वाटा नेमून द्यावा.

ह्या विचाराला पहिला लहानसा तडा पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर गेला. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरील संगणकटोके एकाच सामाईक लहरीवरून मध्यवर्ती संगणकाशी जोडली. प्रत्येकासाठी स्वतंत्र लहर ठेवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. ज्याला बोलावयाचे असेल त्याने बोलावे, पोच आली नाही तर दुसऱ्याशी टक्कर झाली असे समजावे, आणि काही वेळ थांबून पुन्हा बोलावे. थांबण्याचा वेळ प्रत्येकाने मनाला येईल तसा घ्यावा, म्हणजे दोघे पुन्हा एकाच क्षणी तोंड उघडणार नाहीत. आपल्या घरातील राउटर आजही ह्याच दाक्षिण्यावर चालतो. एवढेच, की तो बोलण्याआधी कानोसाही घेतो.

दुसरा आणि मोठा तडा कायद्याने स्वतःच पाडला. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तीन लहरपट्टे अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याविना मोकळे केले. हे पट्टे काही उदारपणे काढून दिलेली सुपीक जमीन नव्हती. अन्न शिजविणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या आणि कारखान्यांतील तापयंत्रे ज्यांत गोंगाट करतात, असे ते पडीक रान होते. त्यांतील एक पट्टा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा. स्वयंपाकघरात भट्टी सुरू झाली की बैठकीतील वायफाय अडखळते, हा अनुभव ज्यांना असेल त्यांनी १९८५च्या त्या निर्णयाचे स्मरण करावे. दोघे एकाच रानात राहावयास गेलेले आहेत.

ह्या रानात पहिली झोपडी बांधणाऱ्यांत एनसीआर ही गल्लायंत्रे बनविणारी कंपनी होती. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्यांच्या तारा नव्याने ओढाव्या लागत. तो खर्च वाचावा म्हणून तिच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी बिनतारी जोडणी सिद्ध केली. त्यांच्यापैकी व्हिक हेझ ह्यांनी पुढे अनेक वर्षे त्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले, जिने १९९७ मध्ये ८०२.११ ह्या क्रमांकाचे मानक जाहीर केले. १९९९ मध्ये त्याची वेगवान आवृत्ती आली, वायफाय हे नाव आले, आणि गल्ल्यासाठी निघालेली वस्तू घरात शिरली. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त करणारे नियम २००५ च्या जानेवारीत निघाले. ५ गिगाहर्ट्झमधील मोठा प्रदेश २०१८ मध्ये खुला झाला. आजोबांच्या पुस्तिकेपासून इथवरचा प्रवास थोडाथोडका नव्हे. आकाश मोकळे झाले. पेटी मात्र बंद राहिली.

पेटी म्हणण्याचे कारण असे. बिनतारीचा तुकडा संगणकात बसविला म्हणजे काम भागत नाही. त्याच्याशी प्रणालीने कोणत्या शब्दांत बोलावे, हे जाणणारा एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाष्या लिहावयाचा तर तुकड्याची भाषा ठाऊक हवी, आणि ती निर्मात्यालाच ठाऊक असते. मुक्त संगणकप्रणालीची चळवळ ह्याच दुखण्यातून जन्मली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक छपाईयंत्र आले. ते वरचेवर अडे. रिचर्ड स्टॉलमन ह्या तरुण कार्यक्रमकाराला त्यात सुधारणा करावयाची होती, म्हणून त्याने मूळ कार्यक्रम मागितला. ज्याच्याजवळ तो होता त्याने गुप्ततेचा करार केला असल्याने नकार दिला. त्या नकाराचा सल मनात धरून स्टॉलमनने १९८३ मध्ये, वापरणाऱ्याला वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली उभारण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा लिहावयास घेतला. तोच लिनक्स.

तारेच्या जाळ्यांसाठी लिनक्सला दुभाषे मिळत गेले. बिनतारीच्या दाराशी मात्र गाडे अडले. निर्मात्यांची कारणे तीन होती. लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी खर्च कोणी करावा? भाषा उघड केली तर प्रतिस्पर्धी आपले कसब उचलतील. आणि तिसरे कारण कायद्याचे. नव्या तुकड्यांत लहरीची जागा आणि तिची शक्ती ही दोन्ही कार्यक्रमाच्या आज्ञेने ठरत. कार्यक्रम खुला केला तर कोणीही शक्ती वाढवील, पट्ट्याबाहेर जाईल, आणि दंड आम्हांला होईल, असे ते म्हणत.

ह्या तिसऱ्या कारणाला हसण्यावारी नेण्याचा मोह मला होत नाही. नियम करणे आणि ते पाळवून घेणे ह्यांत आयुष्य गेलेल्या माणसास त्याचे वजन कळते. पोर्तो रिको बेटावरील सान हुआन येथे २००९ मध्ये विमानतळाच्या हवामान-रडारच्या पडद्यावर ५ गिगाहर्ट्झमध्ये चालणाऱ्या बिनतारी उपकरणांचा उपद्रव खरोखरच दिसून आला होता. वादळ कोठे आहे हे वैमानिकाला सांगणारे ते रडार. तेव्हा भीती निराधार नव्हती. परंतु त्या भीतीच्या पदराआड व्यापाराची गुपितेही सुखाने राहत होती, हे नाकारता येणार नाही.

मग लोकांनी काय केले? काहींनी युक्ती केली. २००३ मध्ये पाँटस फुक्स ह्यांनी आरंभिलेल्या, आणि गिरिधर पेम्मासानी ह्यांनी पुढे नेलेल्या एका कार्यक्रमाने विंडोज प्रणालीसाठी लिहिलेला दुभाष्याच लिनक्समध्ये राबविला. परक्या घरचा नोकर आपल्याच मालकाच्या घरी आहे असे भासवून त्याच्याकडून काम करून घ्यावे, तसा हा प्रकार. काम होई. पण तो नोकर काय करतो हे कोणास दिसत नसे, आणि तो कोलमडला तर घर घेऊन कोलमडे.

दुसरा मार्ग कष्टाचा होता, आणि त्याची हकीगत मला ह्या सगळ्या इतिहासात सर्वांत वाचनीय वाटते. २००३ च्या मध्यास असे उघडकीस आले की, लिंकसिस कंपनीच्या एका लोकप्रिय निळ्या-काळ्या राउटरच्या पोटात लिनक्सच चालत आहे. लिनक्सचा परवाना असा, की जो ते वाटील त्याने त्याचा मूळ मजकूरही द्यावा. कंपनीला तो द्यावा लागला, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरांसाठीची मुक्त प्रणाली उभी राहिली. ह्या राउटरातील बिनतारी तुकडा ब्रॉडकॉमचा होता. म्हणजे विपर्यास पाहा: त्या कंपनीचा तुकडा राउटरात लिनक्सच्या हाताखाली बिनबोभाट राबत होता, आणि तिचेच तुकडे बसविलेल्या संगणकांत लिनक्सला दाद देत नव्हते. राउटरातील दुभाष्याचा मजकूर तेवढा यंत्रभाषेत बंदिस्त दिलेला होता.

तेव्हा काही स्वयंसेवक पुढे आले आणि त्यांनी आपले दोन गट पाडले. पहिल्या गटाने तो यंत्रभाषेतील दुभाष्या आकड्याआकड्याने वाचला आणि तुकड्याशी तो काय बोलतो, ह्याचे साध्या भाषेत टिपण केले. दुसऱ्या गटाने मूळ वस्तूकडे ढुंकूनही न पाहता केवळ त्या टिपणावरून नवा दुभाष्या लिहिला. हे सोवळे पाळावयाचे कारण कायदा. लेखकाने मूळ कृती पाहिलीच नाही, तर त्याने नक्कल केली असा आरोप टिकत नाही. २००६ च्या जूनमध्ये हा दुभाष्या लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. अथेरॉस कंपनीच्या तुकड्यांसाठी ओपनबीएसडी ह्या भावंड प्रणालीच्या मंडळींनी असेच काम केले होते. त्यावर चौर्याचा संशय घेण्यात आला, वकिलांनी तो तपासला, आणि २००७ मध्ये तो निराधार असल्याचा निर्वाळा दिला.

पुढच्या घटना भराभर घडल्या. २००८ मध्ये अथेरॉसने आपल्या नव्या तुकड्यांचा संपूर्ण खुला दुभाष्या स्वतःच दिला. २०१० च्या सप्टेंबरात ब्रॉडकॉमनेही तोच मार्ग धरला. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, की दार उघडले आणि कथा संपली.

पण कुलूप निघाले नव्हते. ते आतल्या खोलीला गेले होते. इंटेलचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. २००६ मधील त्यांच्या एका तुकड्याबरोबर दुभाष्या खुला होता, पण शेजारी आणखी एक बंद कार्यक्रम सतत चालू ठेवावा लागे. लहरी कायद्याच्या मर्यादेत ठेवणे, एवढेच त्याचे काम. लोकांनी कुरकुर केली. पुढच्याच वर्षी तो कार्यक्रम नाहीसा झाला. त्याचे काम मात्र नाहीसे झाले नाही. ते फर्मवेअरमध्ये गेले. फर्मवेअर म्हणजे तुकड्याच्या स्वतःच्या लहानशा मेंदूत चालणारा कार्यक्रम. पूर्वी तो तुकड्यावरच कायमचा कोरलेला असे, म्हणून त्याचे अस्तित्व कोणास जाणवत नसे. पुढे किंमत कमी करण्यासाठी ती साठवणीची जागाच गाळण्यात आली. आता संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी दुभाष्याने ती फाइल कोठून तरी आणून तुकड्याला पाजावयाची. माझ्या रोजनाम्यातील उणे २ चा उगम हा असा आहे. इटलीतील ब्रेशा विद्यापीठातील मंडळींनी २००९ मध्ये ब्रॉडकॉमच्या काही तुकड्यांसाठी खुले फर्मवेअर लिहून दाखविले. परंतु ते जुन्या तुकड्यांपुरतेच राहिले. आजच्या बहुतेक तुकड्यांचे फर्मवेअर निर्माता फुकट वाटू देतो, वाचू देत नाही.

ह्या अर्धवट औदार्याचे काय करावयाचे, ह्यावर मुक्त प्रणालीच्या उपासकांत जो वाद झाला तो एखाद्या धर्मसभेत शोभावा असा होता. डेबियन ही त्यांच्यातील एक जुनी आणि कर्मठ शाखा. तिने २०११ च्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर गाभ्यातून निवडून वेगळे काढले. तत्त्व शुद्ध राहिले. परंतु नव्या माणसाने ती प्रणाली बसवावयास घ्यावी आणि जाळेच नसल्याने अर्ध्यावर अडकावे, असे नित्य घडू लागले. दृष्टिहीन व्यक्तींची अडचण तर अधिक बिकट. काही संगणकांत ध्वनीलाही फर्मवेअर लागते, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा आवाजच उमटला नाही तर त्यांनी पुढचे पाऊल टाकावे कसे? दशकभराच्या काथ्याकुटानंतर २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून अधिकृत प्रतीत ते फर्मवेअर घालण्याचा निर्णय घेतला, आणि २०२३ च्या जूनमधील आवृत्ती त्यासह निघाली. विरोधकांचे म्हणणे मला पटते, आणि तरीही मी मतदार असतो तर बहुमताबरोबरच गेलो असतो. ज्याला दारातच अडविले त्याला घराची तत्त्वे सांगावयाची कशी?

सरकारी बाजूनेही एक वळण आले. २०१५ मध्ये अमेरिकी आयोगाच्या नव्या नियमांमुळे राउटरांचे सर्व दरवाजे कुलूपबंद होतील अशी भीती पसरली. आयोगास खुलासा करावा लागला. पुढच्या वर्षी टीपी-लिंक ह्या कंपनीशी शक्तिमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल तडजोड झाली. तीत दोन लक्ष डॉलर भरण्याबरोबरच, वापरणाऱ्यांना आपल्या पसंतीचे फर्मवेअर राउटरवर घालता यावे ह्याची वाट काढण्याचेही कंपनीने कबूल केले. लहरींचा नियम पाळणे आणि पेटी बंद ठेवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नियामकानेच मान्य केल्यासारखे झाले.

ह्या वादाच्या किती तरी आधी, १८९५ मध्ये, जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडील घंटा अदृश्य लहरींनी वाजवून दाखविली होती. आपल्या वायफायची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. बोस ह्यांच्या लहरी त्याहून पुष्कळ आखूड, काही मिलिमीटरांच्या होत्या. शोधांवर मालकी सांगण्याची त्यांना नावड होती. एका तार-कंपनीच्या मालकाने पुढे केलेला पेटंटाचा प्रस्ताव आपण नाकारल्याचे त्यांनी १९०१ मध्ये रवींद्रनाथांना कळविले. १९०४ मध्ये त्यांच्या नावे अमेरिकेत एक पेटंट झाले, ते स्नेह्यांच्या आग्रहामुळे.

आता माझ्या संगणकाचे काय झाले ते सांगावयास हवे, कारण ती रात्र अर्ज जाऊनही संपली नव्हती. भ्रमणध्वनीच्या वाटेने ती हरवलेली फाइल आणली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि यादीत शेजाऱ्यांची नावे भराभर उमटली. आमचे तेवढे नव्हते! राउटर चालू, भ्रमणध्वनी जोडलेला, परवलीचा शब्द विचारण्याइतकीही मजल गेलेली नाही. पुन्हा रोजनामचा काढला. २००८ पासून लिनक्समध्ये एक कोष्टक असते, आणि कोणत्या देशात कोणत्या वाहिन्यांवर किती शक्तीने बोलावे हे त्यात खुल्या अक्षरांत लिहिलेले असते. जे पूर्वी बंद कार्यक्रमांत दडविले जाई त्यातील पुष्कळसे आज कोणासही वाचता येते. त्या कोष्टकात भारतासाठी १३ व्या वाहिनीपर्यंत मुभा होती. परंतु माझ्या संगणकातील तुकड्याच्या पोटात अमेरिकेची खूण कोरलेली होती, आणि अमेरिकेत ह्या वाहिन्या ११ वरच थांबतात. प्रणालीला मी आपला देश सांगून पाहिला. तिने तो नम्रपणे ऐकून घेतला, पण कोरलेल्या खुणेपलीकडे जाण्यास नकार दिला. आमचा राउटर १३ व्या वाहिनीवर बोलत होता. भ्रमणध्वनी येथला, म्हणून त्याला ते ऐकू येत होते. संगणक त्या जागी कान लावावयासच तयार नव्हता.

राउटरच्या पानावर जाऊन मी वाहिनी १३ ची ११ केली. मिनिटभराने यादी हलली आणि आमच्या घराचे नाव चौथ्या ओळीत आले. घड्याळात सव्वा वाजला होता.